पथ्याचं उद्यापन

आईच्या ओट्यावर उजव्या कोपऱ्यात स्टीलचा एक उभा डबा असतो. आत शेंगा चटणी. सोलापुरात शेंगदाण्याला आम्ही शेंगाच म्हणतो आणि ती चटणी आमच्याकडे भाजी असो-नसो, रोजच्या ताटात असतेच. भाजलेल्या शेंगा, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ, एवढंच साहित्य. आई अजून ती उखळात कुटते. कुटता कुटता शेंगांना तेल सुटतं, कोरडं कूट हळूहळू ओलसर होतं, मुसळाला चिकटायला लागतं, मग ती थांबते. त्या चटणीत दही कालवायचं आणि कडक भाकरीचा तुकडा मोडून त्यावर घ्यायचं. मी हे जेवण किती वेळा जेवले असेन याचा हिशेब नाही.

माझी लेक सहा आठवड्यांची असताना आईने तो डबा उचलून माळ्यावर ठेवून दिला. जवळजवळ साडेतीन महिने तो खाली आला नाही. तो खाली कसा आला, ते मला लिहायचं आहे. कारण काय काय बंद करायचं हे सांगणारे मला पन्नास जण भेटले. पुन्हा सुरू कसं करायचं हे सांगणारं एकच माणूस भेटलं, तेही उशिरा.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. बाळंतपणाला माहेरी होते. दुपारी चिमीचं दुपटं बदलताना पिवळ्या शीमध्ये धाग्याएवढी लाल रेघ दिसली. खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिलं. आव होती, आणि त्या आवेत रक्त. चिमी मजेत हातपाय हलवत होती. त्याच आठवड्यात ती माझ्याकडे बघून ओळखीचं हसायला लागली होती. ते हसू आणि ती रेघ एकाच वेळी समोर होती. माझे हात गार पडले.

डॉक्टरांनी तपासलं. गुदद्वाराला चीर नव्हती, ताप नव्हता, वजन छान वाढत होतं. त्यांनी शांतपणे समजावलं की आपण जे दूध पितो त्यातल्या प्रोटीनचा अगदी सूक्ष्म अंश अंगावरच्या दुधात उतरतो. इतका सूक्ष्म की तो नॅनोग्रॅममध्ये मोजतात. बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही. काहींच्या मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला मात्र तेवढ्यानेही सूज येते आणि शीतून आव-रक्त पडतं. या प्रकारात बाळ बाकी ठणठणीत असतं आणि बहुतेक बाळं वर्षाची होईपर्यंत यातून बाहेर पडतात. अंगावरचं पाजणं थांबवायची गरज नाही. दूध, दही, ताक, तूप, पनीर, खवा तीन आठवडे बंद करा, मग पुन्हा सुरू करून बघा, म्हणजे नक्की दुधामुळेच होतं का ते कळेल. म्हशीचं चालेल का, असं आईने विचारलं. नाही. शेळीचं? तेही नाही, कारण या सगळ्या दुधांतली प्रोटीनं एकमेकांसारखीच असतात.

घरी आल्यावर आईने डिंकाच्या लाडवांचा डबा शेजारी देऊन टाकला. घरच्या तुपातले, खारीक-खोबरं घातलेले, माझ्यासाठी दोन दिवस खपून केलेले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने बिनतुपाची अळिवाची खीर नारळाच्या दुधात केली.

दहा दिवसांत रक्त थांबलं. तीन आठवडे झाले. आता दूध पिऊन बघायचं होतं.

मी प्यायले नाही. त्या रेघेनंतर स्वच्छ पिवळी शी दिसणं हेच माझं सुख झालं होतं, ते मी माझ्या हाताने कशाला घालवू? डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत विषय निघाला तेव्हा ‘अजून थोडे दिवस’ म्हणून मी वेळ मारून नेली. आज वाटतं, माझी खरी चूक इथे झाली. शंका तशीच राहिली, आणि शंका एका पदार्थावर थांबत नाही.

नोव्हेंबरात चिमीला सर्दी झाली आणि त्या दोन दिवसांत पुन्हा थोडी आव दिसली. मी आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवलं. आमटी. तूरडाळ बंद. मग मावशीने फोनवर गव्हाचं सांगितलं, गहू बंद. शेजारच्या काकूंच्या नातीला अंड्याने अंगावर पित्त उठलं होतं, म्हणून अंडं बंद. हरभरा वातूळ म्हणून बेसन बंद. सोयाबीनचं मी स्वतःच कुठेतरी वाचलं. आणि शेंगा तर जगभर अ‍ॅलर्जीसाठी बदनाम, मग चटणी कशी चालेल? डबा तर आधीच माळ्यावर होता. दुधाबरोबर धास्तीने तोही गेला होता. आता भाजीतलं शेंगांचं कूट गेलं, आणि घाण्याच्या तेलातही शेंगांचा अंश असतो म्हणून फोडणीचं शेंगतेल जाऊन करडईचं आलं. कुणी म्हणालं, बाळाला दुधातली साखर पचत नसेल, म्हणून तू दूध सोडलंस ते बरंच केलंस. यात खरंतर अर्थ नव्हता. ती साखर, लॅक्टोज, आईच्या स्तनांतच तयार होते. आईने गाईचं दूध प्यायलं काय न प्यायलं काय, अंगावरच्या दुधात ती तितकीच असणार. बाळाला बाधतं ते दुधातलं प्रोटीन. पण हे मला फार नंतर समजलं. एका लॅबमध्ये बरेच पैसे भरून माझीच अ‍ॅलर्जीची तपासणीसुद्धा करून घेतली. तिचा काडीचा उपयोग नव्हता. बाळाच्या आतड्याला होणारा हा उशिराचा त्रास बाळाच्याही रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, आईच्या रक्तात तो कुठून दिसणार?

दिवाळीत घरात चकल्या तळल्या जात होत्या आणि मी ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी आणि जवसाची चटणी जेवत होते. मंगळवेढ्याची ज्वारी होती म्हणून मी तगले, हे मी मनापासून म्हणते. भाकरीने मला कधी दगा दिला नाही. पण वजन अठ्ठावन्नावरून एकोणपन्नासवर आलं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. रात्री पाजताना तळव्यांना गोळे यायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला जेवणाची भीती वाटायला लागली. ताट समोर आलं की प्रत्येक पदार्थ आरोपीसारखा दिसायचा.

डिसेंबरात, चिमी चार महिन्यांची असताना, आम्ही दुसऱ्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. मी माझी यादी पुढे ठेवली. त्यांनी आधी चिमीला वजनाच्या काट्यावर ठेवलं. जन्मताना दोन किलो आठशे होती, आता सहा किलो तीनशे. मग त्या मला म्हणाल्या, “तुम्ही पण चढा.” काटा बघून त्यांनी यादी हातात घेतली आणि पेनाने एकेका पदार्थावर टेकवत विचारत गेल्या, “हे कुणी सांगितलं? आणि हे?” सात पदार्थांपैकी एकच डॉक्टरांनी सांगितलेला होता. “आणि परत सुरू करून कधी बघितलं?”

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, “बंद करणं ही निम्मी तपासणी झाली. निम्मी अजून बाकी आहे.”

परतताना रिक्षात मला माझ्या आजीची व्रतं आठवत होती. आजी सोळा सोमवार करायची, तिच्या मैत्रिणी वैभवलक्ष्मीचं करायच्या. प्रत्येक व्रताला उद्यापन असतं. कधी संपवायचं, कुणाला जेवायला बोलवायचं, पानात काय वाढायचं, सगळं ठरलेलं. एका दिवसाच्या उपवासालाही सोडायची वेळ आणि रीत असते. पथ्याला आपल्याकडे असं काहीच नाही. पथ्य धरतात, पाळतात, आणि मग ते मोडतं. मोडलं म्हटलं की दोष आलाच. नीट ठरवून, देखरेखीखाली पथ्य संपवण्यासाठी आपल्याकडे शब्दच नसावा याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. म्हणून मी मनाशी त्याला उद्यापन म्हणायला लागले.

बाईंनी दिलेली रीत साधी होती. ज्याच्यावर संशय सगळ्यात कमी, तो पदार्थ आधी. एका वेळी एकच नवा पदार्थ. पहिल्या दिवशी थोडा, मग वाढवत नेहमीएवढा, आणि चार दिवस दुसरं नवीन काही नाही, कारण हा त्रास लगेच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनीही दिसू शकतो. बाळाला सर्दी, ताप, लसीकरण असेल त्या आठवड्यात काही सुरू करायचं नाही. एखाद्या वेळच्या हिरव्या शीने किंवा थोड्याशा आवेने घाबरायचं नाही. रक्त दिसलं तर थांबायचं आणि कळवायचं. आणि लिहून ठेवायचं.

आईच्या भिंतीवरचं कालनिर्णय यासाठी कामी आलं. त्याच्या चौकोनांत ती दुधाच्या रतीबाचा हिशेब लिहायची: दीड, दीड, एक, खाडा. मी घरात असेपर्यंत रतीब अर्ध्यावर आला होता. त्याच चौकोनांत खाली मी बारीक अक्षरात लिहायला लागले: ‘तूरडाळ १ चमचा. शी २, ठीक.’ ‘तूरडाळ वाटी. शी ३, ठीक.’ चार दिवसांनी मी अर्धी वाटी आमटी भाकरीवर ओतून घेतली आणि काही झालं नाही. मग गहू. मग बेसन, सोयाबीन, मग अंडं. महिनाभरात पाच पदार्थ परत आले आणि पाचही निर्दोष निघाले. त्यांच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. खरं म्हणजे हेच महत्त्वाचं आहे: काहीच झालं नाही.

शेंगांची पाळी आली भोगीच्या दिवशी, १३ जानेवारीला. गड्डा सुरू होता. सिद्धेश्वरांच्या यात्रेचा तो अक्षता सोहळ्याचा दिवस; पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सकाळपासून रस्त्याने चाललेली, नंदीध्वजांच्या मिरवणुकीची घराघरात गडबड. आईने भोगीची भाजी टाकली होती. तिच्यात शेंगा घालतातच, पण माझ्यासाठी तिने वेगळी काढली. मी म्हटलं, “आई, चार दे.” तिला आधी कळलं नाही. मग तिने तव्यावर चार शेंगदाणे भाजले. फक्त चार. तळहातावर चोळून साल काढली, फुंकर मारली आणि माझ्या हातावर ठेवले.

मला तो वास अजून आठवतो. गरम, किंचित करपलेला. मी एकेक चावून खाल्ला. घड्याळात पावणेदहा झाले होते.

मी वाचलं होतं की टोरांटोत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंगावर पाजणाऱ्या २३ बायकांना पन्नास ग्रॅम शेंगदाणे खायला दिले, तर त्यांतल्या ११ जणींच्या दुधात शेंगदाण्याचं प्रोटीन सापडलं, बहुतेकींच्या दोन तासांच्या आत. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींच्या दुधात ते सापडलंच नाही. मी कोणत्या गटात हे कळायला मार्ग नव्हता. साडेअकराला चिमी भुकेने रडली. मी तिला घेतलं. ती पिता पिता माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती आणि मी तिच्या ओठांकडे, कानांमागे, पोटाकडे बघत होते. बाहेर हलग्यांचा आवाज येत होता. पिऊन झाल्यावर ती झोपली. तीन तास मी तिच्याजवळून हलले नाही.

संध्याकाळची शी पिवळी, मोहरीसारखी रवाळ. दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, दहा शेंगा. तिसऱ्या दिवशी कूट घातलेली वांग्याची भाजी. चौथ्या दिवशी आईने स्टूल घेतलं, माळ्यावरून डबा काढला, घासला, पुसला आणि उखळ धुऊन उन्हात ठेवलं. तिने सकाळीच शेंगा भाजायला घेतल्या होत्या. मला न विचारता.

त्या दिवशी मी चटणी करडईच्या तेलात कालवून खाल्ली. दही अजून लांब होतं.

शेंगांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण मी ज्या भीतीने डबा माळ्यावर टाकू दिला ती भीती कधीकाळी डॉक्टरांनीच दिलेली होती. २००० साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने ज्या बाळांना धोका जास्त त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका, असं सांगितलं होतं. २००८ मध्ये त्यांनी तो सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी दिसून आलं की इस्रायलमधल्या मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी दहापट आहे. आणि इस्रायलमधली बाळं वर्षाच्या आतच शेंगदाण्याच्या कुरकुऱ्या खातात. मग लंडनला ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांवर मोठा अभ्यास झाला. त्याचा निकाल २०१५ मध्ये आला: ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला ही अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती. ती सगळी धोका जास्त असलेली बाळं होती, इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली. हे वाचताना मला आमच्या गावातल्या घरांची आठवण झाली, जिथे बाळाच्या नाचणीच्या पेजेतही आजी चिमूटभर कूट टाकते. मार्चमध्ये, चिमीला वरचं अन्न सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर, बाईंना विचारून मीही तेच केलं. भाजलेल्या शेंगा अगदी गंधासारख्या वाटून, पेजेत पातळ करून. अख्खा दाणा लहान मुलाला कधीच द्यायचा नाही, तो घशात अडकतो.

दुधाची परीक्षा फेब्रुवारीत झाली आणि त्यात आम्ही नापास झालो. पहिल्या दिवशी दोन घोट चहा, मग अर्धा कप दूध. पाचव्या दिवशी सकाळी तीच आव आणि तीच बारीक लाल रेघ. मला वाटलं होतं मी कोसळेन. पण मी कालनिर्णयाच्या चौकोनात लिहिलं, दूध थांबवलं आणि बाईंना फोन केला. आठवड्यात शी साफ झाली. मनात पहिल्यांदाच स्वच्छ काहीतरी होतं: दूध, आणि फक्त दूध. चार महिने माझ्या डोक्यात सात आरोपी होते.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते. हे सगळं मी घरी करू शकले कारण चिमीचा त्रास फक्त शीपुरता होता. ज्या बाळाच्या अंगावर खाल्ल्यानंतर लगेच गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, श्वासाला त्रास होतो, किंवा जे काही तासांनी उलट्यांवर उलट्या करून पांढरंफटक आणि मलूल पडतं, त्याच्या बाबतीत असं घरी करून बघायचं नाही. तिथे दवाखान्यातच, डॉक्टरांच्या समोर.

उन्हाळा कठीण गेला. सोलापूरचा मे महिना, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस, आणि ताकाचा घोट नाही. ज्याने हा उन्हाळा काढलाय त्याला ताक म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. पाजणाऱ्या बाईला दिवसाला बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या होत्या, आणि शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं म्हणून नाचणीची आंबील रोज. आंबील मडक्यात गार करायची, वरून कोथिंबीर आणि लसूण. तळव्यांचे गोळे थांबले. मार्चपासून मी सासरी जुळे सोलापुरात होते. सासूबाईंनी दूध, साय, लोणी सगळं फ्रिजच्या खालच्या खणात हलवलं आणि स्वतःही माझ्यासमोर ताक घेतलं नाही. मी म्हटलं, “आई, तुम्ही घ्या ना.” त्या म्हणाल्या, “मला कुठं तहान लागलीय.”

चिमी दहा महिन्यांची झाल्यावर, जूनमध्ये, पुन्हा दुधाकडे वळलो. या वेळी पायरीपायरीने. दुधातलं प्रोटीन पिठात मिसळून खरपूस भाजलं गेलं की त्याचा आकार बदलतो आणि ते बऱ्याच मुलांना सोसतं, म्हणून सुरुवात दूध घातलेल्या बिस्किटाने. मग घरचा केक. त्यापुढची पायरी कोणती घ्यावी यावर बाई विचार करत होत्या, तेव्हा बरोबर आलेल्या माझ्या आईने विचारलं, “दशमी चालेल का?” बाई हसल्या आणि म्हणाल्या, “अगदी बरोबर चालेल.” दुधात मळलेली, तव्यावर भाजलेली ज्वारीची दशमी; प्रवासाला न्यायची म्हणून आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या करतात. आधी मी खायची, चार-पाच दिवस बघायचं, मग चिमीला तुकडा.

दशमीनंतर खीर, आणि खीर सोसल्यावर दही.

पहिला पाऊस पडून गेला होता. आम्ही माहेरी गेलो होतो. आईने ताट केलं: कडक भाकरी, मधोमध चटणीचा छोटा ढीग, आणि वाटीत दोन चमचे दही. दोनच. “एवढंच सांगितलंय ना?” तिने विचारलं. मी चटणीत खड्डा केला, त्यात दही घातलं आणि बोटाने कालवलं. लाल चटणी गुलाबी होत गेली, कडेने तेलाचे थेंब वर आले. चिमी मांडीवरून पुढे झुकली आणि तिने भाकरीच्या कडेचा तुकडा उचलून तोंडात घातला. आई कालनिर्णयापाशी जाऊन पेन्सिल शोधत होती.